जागा रिकामी कोण करतो? पोटनिवडणुकीची कुळकथा

हैदराबादचा आबिड्स चौक गोशामहल विधानसभा मतदारसंघात मोडतो. तिथले आमदार टी. राजासिंग यांनी २०२५ च्या जूनअखेरीस भारतीय जनता पक्षाचा राजीनामा दिला आणि पक्षाने तो जुलैत मंजूर केला. पक्ष सुटला, आमदारकी सुटली नाही. ज्याच्या चिन्हावर निवडून आलो तो पक्ष स्वखुशीने सोडणारा आमदार अपात्र ठरतो, असे संविधानाची दहावी अनुसूची १९८५ पासून सांगते. पण ती आपोआप लागू होत नाही. कुणीतरी विधानसभा अध्यक्षांकडे अर्ज करावा लागतो, अध्यक्षांना सुनावणी घेऊन निकाल द्यावा लागतो आणि तोवर कायद्याच्या लेखी जागा भरलेलीच असते. जागा भरलेली, म्हणून पोटनिवडणूकही नाही. एरवी पोटनिवडणुकीची चर्चा उमेदवार कोण, लाट कुणाची, अनामत कुणाची जाणार यांभोवती फिरते, म्हणजे जागा भरण्याच्या बाजूने होते. या रिवाजाचे मूळ शोधत गेले की मात्र दिसते, की भरण्याविषयी फारसा वाद कधी नव्हताच. जिथे मतदार आहेत तिथे मतदारांनीच जागा भरायची, हे लवकर ठरून गेले. भांडण झाले, कायदे बदलले आणि डावपेच रंगले ते जागा रिकामी कुणी करायची, कधी करायची आणि ती रिकामी झाली हे कुणी ठरवायचे यावर. पोटनिवडणुकीचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती लावता येतो, आणि तो लावायला हैदराबाद आणि त्याला लागून असलेला मराठवाडा यांच्याइतका भरगच्च पुरावा देणारी जागा क्वचितच सापडेल.

रिवाजाचे मूळ इंग्लंडात आहे आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. मध्ययुगात पार्लमेंट काही आठवडे भरे आणि विसर्जित होई. तेवढ्यात एखादा सदस्य वारला तर त्याची जागा भरण्याची निकड कुणाला वाटत नसे. आठव्या हेन्रीच्या काळात १५२९ मध्ये भरलेले पार्लमेंट मात्र १५३६ पर्यंत टिकले. ७ वर्षांत माणसे मरणार, आजारी पडणार, उमरावपदी चढणार. तेव्हा राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल रिकाम्या जागांचा हिशेब ठेवू लागला आणि त्या भरून घेऊ लागला. सभागृह दीर्घायुषी झाले आणि त्याच्या पोटी पोटनिवडणूक जन्मली. भांडण उभे राहिले ते १६०४ मध्ये, बकिंगहॅमशायरच्या जागेवरून. तिथून सर फ्रान्सिस गुडविन निवडून आले होते. राजाच्या चॅन्सरी कचेरीने त्यांना कायद्याबाहेरचे ठरवून निवड रद्द केली आणि दुसरा हुकूम काढून सर जॉन फोर्टेस्क्यू यांना निवडून आणले. कॉमन्स सभागृहाने गुडविन यांनाच बसवून घेतले. अखेर तडजोड झाली: दोघांच्याही निवडी बाजूला ठेवून नवी निवडणूक घ्यायची. वरवर पाहता बरोबरी झाली, पण निवडणुकीची वैधता ठरवण्याचा सभागृहाचा हक्क या प्रकरणातून पक्का होत गेला. फोर्टेस्क्यूही निवडणुकीतूनच आले होते, तेव्हा तक्रार निवडणुकीविषयी नव्हती. राजाच्या कचेरीने आधी जागा रिकामी केली, याविषयी होती. ज्याच्या हाती जागा रिकामी करणे आहे, त्याच्या हाती नको असलेला माणूस घालवणे आहे, हे कॉमन्सने त्या वेळीच ओळखले.

पुढचे पाऊल सदस्याला बांधणारे होते. १६२४ च्या ठरावाने कॉमन्सच्या सदस्याला आपण होऊन जागा सोडता येणार नाही असे ठरले, आणि ब्रिटनमध्ये आजही खासदार सरळ राजीनामा देऊ शकत नाही. त्यावर निघालेली पळवाट अशी: राजाकडून लाभाचे पद घेणारा सदस्य अपात्र ठरतो, म्हणून ज्याला जायचे आहे त्याला ‘चिल्टर्न हंड्रेड्स’चे नाममात्र कारभारीपद द्यायचे. हा उपाय १७५१ पासून चालत आला आहे. लाभाच्या पदाचा तोच नियम मंत्र्यांवर उलटला. १७०७ च्या कायद्याने मंत्रिपद घेणाऱ्याची जागा रिकामी होई आणि त्याला पुन्हा मतदारांसमोर जावे लागे. राजाने मंत्रिपदाचे आमिष दाखवून सदस्य फोडू नयेत, हा त्यामागचा हेतू. विन्स्टन चर्चिल यांना १९०८ मध्ये मंत्रिमंडळात बढती मिळाली तेव्हा त्यांना मँचेस्टरच्या वायव्य मतदारसंघातून पुन्हा उभे राहावे लागले; ते तिथे पडले आणि डंडीतून निवडून आले. हा नियम १९१९ मध्ये सैल झाला आणि १९२६ मध्ये गेला. या दोनशे वर्षांच्या व्यवहारात पोटनिवडणुकीचे तीन झरे स्पष्ट होतात: मृत्यू, पदप्राप्ती आणि राजीनामा. पहिला कुणाच्या हातात नसतो. दुसरा सत्ताधाऱ्याच्या हातात असतो. तिसरा सदस्याच्या हातात असतो, आणि म्हणूनच त्याला सर्वांत जास्त कुलुपे लागली.

हैदराबाद संस्थानात या गोष्टीचा दुसऱ्या टोकाचा नमुना पाहायला मिळतो. आबिड्सला ज्याच्या दुकानावरून नाव पडले तो अल्बर्ट आबिड सहावा निजाम मीर महबूब अली खान याच्या खासगी सेवेत होता. त्याच निजामाच्या कारकिर्दीत, १८९३ मध्ये, संस्थानात विधिमंडळाची तरतूद झाली. पण ते प्रामुख्याने अधिकाऱ्यांचे मंडळ होते. जागा रिकामी करणारा हात आणि भरणारा हात एकच असला की पोटनिवडणूक हा प्रकारच उरत नाही. उरतो तो फर्मानाचा कागद. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले तरी संविधान सभेतल्या हैदराबादच्या वाट्याच्या जागा शेवटपर्यंत रिकाम्याच राहिल्या. प्रौढ मतदानाने निवडलेली पहिली विधानसभा १९५२ मध्ये आली आणि काशिनाथराव वैद्य हे मराठी गृहस्थ तिचे अध्यक्ष झाले. इकडे त्याच संविधान सभेत एका रिकाम्या जागेने मोठे काम करून ठेवले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४६ मध्ये बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले होते. फाळणीने त्यांचे सदस्यत्व गेले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी सोडलेली मुंबईची जागा मोकळी होती. राजेंद्रप्रसादांनी मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, बाळासाहेब खेर यांना लिहिले आणि जुलै १९४७ मध्ये मुंबईच्या विधानसभेने बाबासाहेबांना त्या जागेवर निवडले. पुढच्याच महिन्यात ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्याच बाबासाहेबांनी १९५४ मध्ये भंडाऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक लढवली तेव्हा काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. १९४७ चे मतदार आमदार होते आणि पक्षनेतृत्वाचा शब्द त्यांच्यापर्यंत पोचत होता. १९५४ चे मतदार गावोगावचे होते. रिकाम्या जागेचे दार कुणीही उघडो, उंबरठ्याआत कोण जाणार हे मतदार कोण आहेत यावर ठरते.

भारतीय कायद्याची वाढ पाहिली तरी हेच दिसते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातली जागा भरण्याची कलमे, १४९ लोकसभेसाठी आणि १५० विधानसभेसाठी, छोटी आणि शांत आहेत: जागा रिकामी झाली की निवडणूक आयोगाने अधिसूचना काढून त्या मतदारसंघाला प्रतिनिधी निवडायला सांगावे, आणि निवडून आलेल्याने उरलेल्या मुदतीपुरते काम करावे. भरण्याच्या बाजूने झालेला लक्षणीय बदल एकच. १९९६ मध्ये कलम १५१ अ आले आणि सहा महिन्यांची मुदत घातली गेली. उरलेला काळ एक वर्षापेक्षा कमी असेल, किंवा निवडणूक घेणे कठीण असल्याचे आयोगाने केंद्राशी विचारविनिमय करून प्रमाणित केले, तर सूट. बाकी सगळी ठाकठोक रिकामे होण्याच्या बाजूला चालली. १९७४ मध्ये गुजरातेत नवनिर्माण आंदोलनाच्या रेट्याने आमदारांचे राजीनामे घेतले गेले. त्याच वर्षी तेहतिसाव्या घटनादुरुस्तीने राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा आहे ना, हे पाहून अध्यक्षाने तो स्वीकारायचा अशी तरतूद केली. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आली. १९८५ च्याच निवडणुकीत नंदमुरी तारक रामाराव हिंदुपूर, नलगोंडा आणि गुडिवाडा अशा तीन ठिकाणी निवडून आले होते आणि एक ठेवून बाकीच्या जागा त्यांना सोडाव्या लागल्या. १९९६ मध्ये एका माणसाने दोनपेक्षा जास्त जागा लढवू नयेत असा नियम झाला. २०१३ मध्ये लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्या लोकप्रतिनिधीला अपिलाच्या आडोशाने जागा राखू देणारे कलम रद्द केले. प्रत्येक वेळी प्रश्न तोच: जागा रिकामी झाली असे कधी म्हणायचे, आणि ते कुणी म्हणायचे.

मृत्यूने रिकामी झालेली जागा सर्वांत निर्विवाद. पण तिच्यावर एक आक्षेप हमखास येतो, की ती जागा घराण्यात जाते, तेव्हा पोटनिवडणूक म्हणजे वारसानोंदीचा सोपस्कार. पुरावा मात्र दोन्हीकडे बोलतो. १९६७ मध्ये ईशान्य मुंबईतून कृष्ण मेननांना हरवून निवडून आलेले स. गो. बर्वे लगेच वारले. पोटनिवडणुकीत त्यांची बहीण तारा सप्रे उभी राहिली आणि मेनन पुन्हा हरले. २०२१ मध्ये देगलूरचे आमदार रावसाहेब अंतापूरकर गेले आणि मुलगा जितेश निवडून आला. नांदेडचे खासदार वसंतराव चव्हाण ऑगस्ट २०२४ मध्ये वारले. २० नोव्हेंबरला विधानसभेबरोबरच झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण अवघ्या १,४५७ मतांनी आले. त्याच मतदानात जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ विधानसभा जागा त्यांच्या विरोधातल्या महायुतीने जिंकल्या होत्या. मतदारांनी दोन यंत्रांवर दोन वेगळे विचार नोंदवले, हा सोपस्कार म्हणवत नाही. तेलंगणात तर चित्र उलटेच आहे. सिकंदराबाद कँटोन्मेंटचे जी. सायन्ना फेब्रुवारी २०२३ मध्ये वारले. मुदतीला वर्षही उरले नसल्याने पोटनिवडणूक झाली नाही. वर्षाखेरीस त्यांची मुलगी लास्या नंदिता निवडून आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अपघातात गेली. त्या पोटनिवडणुकीत उभी राहिलेली तिची बहीण पडली. २०२० मध्ये दुब्बाकमध्ये दिवंगत आमदाराची पत्नी सत्ताधारी पक्षाची उमेदवार असून १,०७९ मतांनी हरली. जुबिली हिल्सचे मागंटी गोपीनाथ जून २०२५ मध्ये वारले, नोव्हेंबरात त्यांच्या पत्नी सुनीता २४ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाल्या. तिथे ५८ उमेदवार होते; ‘वरीलपैकी कोणीही नाही’ धरून ५९ बटणे, म्हणजे प्रत्येक केंद्रावर १६ बटणांच्या चार पेट्या शेजारीशेजारी मांडाव्या लागल्या. मतदान निम्म्याहून कमी झाले, तरी ज्यांनी केले त्यांनी सहानुभूतीपुरते केले नाही.

दुसरा झरा पदप्राप्तीचा. ब्रिटनमध्ये मंत्री होणाऱ्याला जागा सोडावी लागे. आपल्याकडे संविधानाने क्रम फिरवला. सभागृहात नसलेला माणूसही मंत्री होऊ शकतो, सहा महिन्यांत त्याने निवडून यावे. त्यामुळे कुणाची तरी जागा रिकामी असावी लागते किंवा करवून घ्यावी लागते. यशवंतराव चव्हाण चीनयुद्धाच्या वेळी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर आले. पी. व्ही. नरसिंह राव यांची गोष्ट तर हैदराबाद आणि महाराष्ट्र या दोघांची आहे. १९८४ मध्ये ते हनमकोंड्याला पडले आणि विदर्भातल्या रामटेकने त्यांना लोकसभेत पाठवले. जून १९९१ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा ते कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. नंद्यालचे खासदार गंगुला प्रताप रेड्डी यांनी जागा मोकळी केली, तेलुगू देसमने तेलुगू पंतप्रधानाविरुद्ध उमेदवार दिला नाही आणि राव ५ लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. उलट दिशेचे उदाहरण नांदेडचे: शंकरराव चव्हाण १९८६ मध्ये मुख्यमंत्री होऊन मुंबईला परतले, त्यांची लोकसभेची जागा सुटली आणि १९८७ मध्ये अशोक चव्हाण प्रकाश आंबेडकरांना हरवून तिथे गेले. या प्रकारात रिकामे करणारा हात सत्तेचा असतो, आणि निकालही बहुधा सत्तेच्या मनासारखा लागतो. पोटनिवडणूक आयती असते हा समज याच जागांवरून पडला आणि तो बाकीच्यांवर लादला गेला.

तिसरा झरा राजीनाम्याचा, आणि त्याला हत्यार बनवण्याचे काम तेलंगणाने केले. २००१ मध्ये के. चंद्रशेखर राव यांनी विधानसभेचे उपाध्यक्षपद आणि सिद्दिपेटची आमदारकी दोन्ही सोडून नवा पक्ष काढला आणि त्याच जागेवरून पुन्हा निवडून आले. २००६ मध्ये करीमनगरची खासदारकी सोडून ते २ लाखांहून अधिक मतांनी परतले. इथे जागा रिकामी करणाराच ती भरायला उभा होता. मतदारांना प्रश्न व्यक्तीचा नव्हता, वेगळ्या राज्याचा होता. हा संकेताचा विपर्यास आहे, ज्यांनी पाच वर्षांसाठी पाठवले त्यांना मध्येच पुन्हा रांगेत उभे करणे हा त्यांच्या वेळेचा आणि तिजोरीचा अपव्यय आहे, असा आक्षेप तेव्हाही होता आणि तो पोकळ नाही. पण त्याचे उत्तर मतदारांनीच देऊन ठेवले आहे. २००८ मध्ये तेलंगण राष्ट्र समितीच्या ४ खासदारांनी आणि १६ आमदारांनी राजीनामे दिले. मे महिन्यातल्या मतदानात त्यांपैकी लोकसभेच्या २ आणि विधानसभेच्या ७ जागाच परत मिळाल्या. हैदराबादेतली मुशीराबादची जागाही गेली आणि करीमनगरचे मताधिक्य १५ हजारांच्या आसपास घसरले. दोन वर्षांनी, जुलै २०१० मध्ये, १२ जागांसाठी तेच अस्त्र काढले तेव्हा ११ जागा समितीला आणि १ भारतीय जनता पक्षाला मिळाली. काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष डी. श्रीनिवास निजामाबादेत पडले. त्या वेळी यंत्रावर ६४ नावांपर्यंतच सोय होती, म्हणून काही मतदारसंघांत त्याहून जास्त अर्ज भरून मतपत्रिकेवर मतदान घ्यायला लावले गेले. एकच डाव, त्याच भागातले मतदार, दोन वर्षांच्या अंतराने दोन उलटे निकाल. राजीनामा देऊन उत्तर ठरवता येत नाही, फक्त प्रश्न विचारता येतो. आणि प्रश्न विचारणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

मग सत्ताधारी पैसा आणि योजना ओततात त्याचे काय? ३० ऑक्टोबर २०२१ हा दिवस यासाठी तपासावा. त्या दिवशी महाराष्ट्र-तेलंगण सीमेच्या अलीकडे देगलूरला आणि पलीकडे हुजूराबादला मतदान झाले. हुजूराबादची जागा मंत्रिमंडळातून काढलेल्या एटला राजेंदर यांच्या राजीनाम्याने सुटली होती. राज्य सरकारने दलित कुटुंबाला १० लाख रुपये देणारी ‘दलित बंधू’ योजना त्या वर्षी प्रायोगिक म्हणून याच मतदारसंघात आणली. तरीही राजेंदर सुमारे २४ हजार मतांनी जिंकले. योजनांची खैरात अनिष्टच आहे, मात्र तिने निकाल विकत मिळतो असे पुराव्यावरून म्हणता येत नाही. खर्चाच्या मुद्द्यावर सुचवला जाणारा पर्यायही तपासण्यासारखा आहे. फ्रान्समध्ये उमेदवाराबरोबर बदली सदस्य निवडला जातो आणि मृत्यू झाल्यास तो जागा घेतो; जर्मनीत पक्षाच्या यादीतले पुढचे नाव येते. आपल्याकडे ते आणले तर पैसा वाचेल, पण दुब्बाक, जुबिली हिल्स, हुजूराबाद इथल्या मतदारांनी जे सांगितले ते सांगायला जागाच उरणार नाही. त्यातून जागा पक्षाची होईल. आज ती मतदारसंघाची आहे. अमेरिकेत सिनेटच्या रिकाम्या जागी राज्यपाल तात्पुरता माणूस नेमू शकतो, पण लोकांच्या सभागृहातली जागा तिथेही निवडणुकीनेच भरावी लागते.

तेव्हा दुरुस्ती हवी ती भरण्याच्या पद्धतीत नव्हे, रिकामेपण ठरवण्याच्या पद्धतीत. सहा महिन्यांचे घड्याळ जागा रिकामी झाल्यावरच चालू होते, म्हणून ज्याच्या हाती रिकामेपण जाहीर करणे आहे त्याच्याच हाती ते घड्याळ आहे. घड्याळ चालू असूनही दुर्लक्ष होते, हे पुण्याने पाहिले: खासदार गिरीश बापट मार्च २०२३ मध्ये वारले, मुदतीला वर्षाहून अधिक काळ उरला होता, मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरात पोटनिवडणूक तातडीने घेण्यास सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि शहर सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत खासदाराविना राहिले. घड्याळच चालू न होण्याचा प्रकार त्याहून गंभीर आहे. भारत राष्ट्र समितीतून काँग्रेसकडे गेल्याचा आरोप असलेल्या तेलंगणातल्या १० आमदारांच्या प्रकरणी ३१ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला विधानसभा अध्यक्षांना सांगावे लागले, की तीन महिन्यांत निर्णय घ्या. अध्यक्षाला मुदत घालणे म्हणजे सभागृहाच्या स्वातंत्र्यावर घाला, असे यावर म्हटले जाते, आणि त्यासाठी १६०४ पासूनची परंपरा पुढे केली जाते. पण ती परंपरा कशासाठी जन्मली? राजाने जागा रिकामी करू नये म्हणून तो अधिकार सभागृहाने आपल्याकडे ओढला. आज राज्य करणारा पक्ष सभागृहाच्या बहुमतातच बसतो आणि अध्यक्ष त्याच बहुमतातून येतो. ज्याच्यापासून जागा वाचवायची होती त्याच्याच हाती ढाल गेली आहे. जागा भरायला कायद्याने सहा महिने दिले आहेत. ती रिकामी आहे की नाही हे ठरवायलाही तीन महिन्यांची मुदत दहाव्या अनुसूचीतच लिहावी, आणि मुदत उलटली तर प्रकरण आपोआप उच्च न्यायालयाकडे जावे. तसे झाले तर गोशामहलसारख्या जागेचे काय, याचे उत्तर मतदारांना ठरलेल्या तारखेला मिळेल.